देणे समाजाचे, हिशेब कोणाचा?

१८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या वेताळ पेठेतल्या, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतल्या, पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. निमंत्रणावरून शहरातली चाळीसेक प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायाधीश महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखायचा म्हणून पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. काहींनी त्याला हातही लावला नाही. मग सगळे आपापल्या घरी गेले.

हा बेत घडवून आणणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पती. विक्षिप्तपणा आणि खोडसाळपणा यांत त्यांचा हात धरणारा त्या काळच्या पुण्यात दुसरा नव्हता. ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावनिशीवार यादी छापून आली आणि ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा हा पुण्यातल्या ब्राह्मणवाड्यांतला सर्वांत मोठा प्रश्न होऊन बसला. सरदार बाळासाहेब नातू प्रभृती सनातनी मंडळींनी थेट शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे कमिशन नेमले आणि ज्यांच्या शब्दावर मुंबई इलाख्यातले राजकारण हलत होते ती माणसे एका पेल्याबद्दल जाब देण्यासाठी उभी राहिली.

शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण गमतीचे म्हणून येते. गंमत त्यात आहेच. पण माणूस आपल्या समाजाचे किती देणे लागतो, ते देणे कोण ठरवतो आणि ‘मला हा व्यवहार मान्य नाही’ म्हणून बाहेर पडायची वाट त्याला असते का, हे तिन्ही प्रश्न त्या वर्षी पुण्यात एकाच वेळी, त्याच दहा-पंधरा माणसांपुढे उभे राहिले. इतका भरगच्च हंगाम महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

बहिष्काराची यंत्रणा जुनी आणि चांगली घोटलेली होती. मराठेशाहीत गावातले पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि जातीतले जाणते यांची गोतसभा बसे. वतनाचा तंटा असो की कुणाच्या वर्तनाचा, सगळ्यांच्या साक्षीने निवाडा होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. दोष ठरलेला माणूस गोताबाहेर जाई. प्रायश्चित्त घेऊन, दंड भरून आणि गोताला जेवण घालून तो परत पंगतीत बसला की प्रकरण मिटले. म्हणजे शिक्षेइतकीच परत येण्याची वाटही आखलेली होती, हे विसरता कामा नये. शिवाजी महाराजांचा सेनापती नेताजी पालकर मोगलांच्या ताब्यात मुसलमान होऊन आला. १६७६ मध्ये त्याला शुद्ध करून घेतले गेले. राजाची इच्छा प्रबळ असली की शास्त्राला वाट सापडते, हाही त्यातला एक धडा.

पेशवाईत या यंत्रणेला ग्रामण्याचे, म्हणजे जातीच्या अधिकारावरून उठणाऱ्या तंट्याचे, धारदार रूप आले. एखाद्या व्यक्तीवरच नव्हे, तर अख्ख्या ज्ञातीवर ग्रामण्य उभे राही: वेदोक्ताचा अधिकार कुणाला, संध्या कुणी कोणत्या मंत्राने करायची. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंना याचा इतका जाच झाला की प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये ग्रामण्यांच्या साद्यंत इतिहासावर एक पुस्तकच लिहिले, आणि ते काही थंड डोक्याने लिहिलेले नव्हते.

इंग्रज आले. त्यांनी १८२७ मध्ये दोन गोष्टी केल्या. आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे कायदे व रूढी यांचा संग्रह छापला आणि त्याच वर्षीच्या मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या रेग्युलेशनने ठरवले की जातीच्या प्रश्नात दिवाणी न्यायालयांनी पडायचे नाही. बेकायदा वर्तनाने कुणाच्या जातीला वा अब्रूला धक्का पोहोचला तर नुकसानभरपाईचा दावा तेवढा चालेल. वरवर पाहता ही तटस्थता. प्रत्यक्षात पंचांना मोकळे रान. पूर्वी पंचांच्या डोक्यावर राजाचा हात असे, तो त्यांना आवरू शके. आता ते स्वतःच्या दारातले सरन्यायाधीश झाले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने एक भोक पाडले. जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे त्यात होते. पण वाड्यातला वाटा मिळाला तरी त्या वाड्यात पाणी भरायला कोण येणार, श्राद्धाला कोण बसणार, मुलीला स्थळ कोण देणार, यातले काहीच कायद्याच्या आवाक्यातले नव्हते.

रानड्यांना हे नवे नव्हते. १८६९ मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने विधवाविवाह लागला, त्या पाठीराख्यांवर शंकराचार्यांचा बहिष्कार पडला आणि त्यात रानडेही होते. चार वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांची पहिली पत्नी वारली. आता हे विधवेशी लग्न करतील असे सगळ्यांनी धरले होते. वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. लोक हसले. ती अकरा वर्षांची मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली, तिने सेवासदन उभे केले, हे खरे. पण त्याने त्या दिवशीची माघार माघार राहत नाही असे होत नाही.

चहाच्या बाबतीत त्यांनी सुरुवातीला काहीच केले नाही. प्रायश्चित्त घ्यायचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि उच्च पदावरच्या न्यायाधीशाला बहिष्काराची झळ तशी कमीच. झळ बसली ती त्यांच्याबरोबर गेलेल्या लहान माणसांना. कुणाचे म्हातारे वडील एका वाड्यात राहून अन्नपाणी वेगळे करू लागले. कुणाच्या लेकीला सासरचे लोक माहेरी पाठवीनात, कारण माहेर बाटलेले. वर्षभरावर काळ गेला तरी गाठ सुटेना. शेवटी १८९२ मध्ये मित्रांच्या घरांतली ही कुचंबणा संपावी म्हणून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले.

सुधारकांतल्याच अनेकांना ते खटकले आणि आजही वाचणाऱ्याला खटकते. व्यक्तीच्या विवेकाचा एवढा मोठा कैवारी, आणि तोच शास्त्र्यांपुढे मान तुकवतो! पण रानड्यांनी मान तुकवली ती शास्त्र्यांच्या अधिकारापुढे की मित्रांच्या ऋणापुढे? दोन्ही एकाच विधीत मिसळले होते, आणि हीच बहिष्काराची खरी ताकद. तो व्यक्तीला एकटे गाठत नाही. तो तिच्या आईला, बहिणीला, मित्राला ओलीस ठेवतो आणि मग विचारतो, तुझ्या तत्त्वाची किंमत यांनी का मोजावी? या प्रश्नाला रानड्यांनी दिलेले उत्तर भित्रेपणाचे होते असे म्हणणे सोपे आहे. ते पुरेसे होते असे म्हणणे मात्र तितके सोपे नाही, कारण प्रत्येक प्रायश्चित्ताने पंचांचा अधिकार आणखी पक्का होतो आणि पुढच्या माणसाला नकार देणे आणखी महाग पडते.

टिळकांचा रस्ता निराळा. आपण काशीला गेलो असताना प्रायश्चित्त घेतले आहे, असा दाखला त्यांनी कमिशनपुढे ठेवला. तोपर्यंत त्यांनाही घरच्या कार्याला पुरोहित मिळवताना नाकी नऊ आले होते. सनातन्यांचे पुढारी म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई, त्यांनाच सनातन्यांनी कोंडीत धरले होते. टिळकांनी शास्त्रातला बचाव शास्त्रीबुवांवरच उलटवला आणि सुटले. समाजात राहून, समाजाच्याच नियमांनी, समाजावर मात करायची ही त्यांची हयातभरची रीत होती.

पाश्चात्त्य विद्यापीठांत व्यक्ती आणि समाज यांच्यातला हा वाद पुढे मोठ्या शास्त्रीय थाटात झाला. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्यायाचा सिद्धांत मांडला: आपण कोण, कुठल्या घरात जन्मलो हे क्षणभर विसरून नियम ठरवा. त्यावर अलस्डेर मॅकिन्टायर आणि मायकेल सँडेल यांनी १९८० च्या दशकारंभी उलट विचारले, जो कुणाचा मुलगा नाही, कुठल्या गावचा नाही, तो ठरवणारा माणूस आहे तरी कोण? एका पक्षाला उदारमतवादी आणि दुसऱ्याला समुदायवादी अशी नावे पडली. पुण्यात हे दोन पक्ष फार आधी एकाच माणसाच्या अंगात, एकाच रात्री भांडत होते.

आणि गंमत अशी की चहाच्या त्याच सुमारास टिळक दोन वेगळ्या ठिकाणी समाजऋणाबद्दल अत्यंत कडक भाषा बोलत होते.

पहिले ठिकाण तुळशीबागेतली सभा. संमतिवयाचा प्रश्न पेटला होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली होती, आणि पुढे १९ मार्च १८९१ रोजी कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले. परक्या सरकारने कायदा करू नये, हे टिळकांचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी पुढे केलेली प्रतियोजना मात्र क्वचित आठवली जाते. सुधारकांनी आपणच आपल्याला बांधून घ्यावे, असे ते म्हणाले: मुलीचे लग्न सोळाच्या आत नको, मुलाचे विसाच्या आत नको, पुरुषाने चाळिशीनंतर लग्न करू नये आणि केलेच तर विधवेशी करावे, हुंडा बंद, विधवांचे केशवपन बंद, दारू बंद, आणि सही करणाऱ्याने मासिक उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कामाला द्यावा. कायद्याच्या बारा वर्षांपुढे ही सोळा वर्षे! सुधारकांना पेचात पकडण्याचा डाव त्यात होता, हे उघड आहे. पण डाव म्हणून ती सोडून देणे बरोबर नाही. बंधन हवे, ते कडक हवे, पण ते घेणाऱ्याने स्वतः घेतलेले हवे, हा विचार त्यात स्पष्ट आहे.

दुसरे ठिकाण डेक्कन एज्युकेशन सोसायटी. १८८४ मध्ये ती स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे थोड्या पगारावर शिकवायचे कबूल केले होते. टिळकांना समोर आदर्श दिसत होता जेझुइट पाद्र्यांचा. सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेर काही मिळवलेच तर तेही संस्थेच्या तिजोरीत जावे. सहकारी आगरकर, गोखले आणि इतरांना हे मान्य नव्हते. कॉलेजचे काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. पोटापुरत्या पगारावर संसार चालवणाऱ्याने एखादे पुस्तक लिहिले तर त्याच्या पैशावर संस्थेची नजर का असावी? अनेक वर्षे हे धुमसत होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, हे शेवटचे निमित्त. १८९० च्या अखेरीस टिळकांनी लांबलचक कारणपत्र लिहून राजीनामा दिला.

या भांडणात उदारमतवादी कोण आणि समुदायवादी कोण, हे सांगणे अवघड नाही. पण पुढे काय झाले? संस्थेविरुद्ध व्यक्तीचा हक्क सांगणारे गोखले आपला शब्द पाळून १९०२ पर्यंत राबले. मग १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज काढला आणि त्याच्या सभासदांना सात शपथा घालून दिल्या: देश पहिला, स्वतःचा फायदा पाहायचा नाही, संस्था देईल त्यात कुटुंबाचे भागवायचे, कुणाशी व्यक्तिगत भांडण करायचे नाही. सभासदाला पाच वर्षे उमेदवारी. मवाळ म्हणून हिणवलेल्या माणसाने मठालाही मागे सारील अशी शिस्त उभी केली. कामगार चळवळीतले ना. म. जोशी आणि आदिवासींसाठी आयुष्य वेचणारे ठक्करबाप्पा त्या मुशीतून निघाले. टिळकांचा जेझुइटी आदर्श टिळकांच्या विरोधकाने अमलात आणला, असे म्हटले तर दोघांच्याही अनुयायांना राग येईल. पण ते खोटे नाही. फरक एवढाच, की सेवक समाजात जन्माने कुणी येत नव्हते. दार आत येताना उघडे होते तसे बाहेर जातानाही. ना. म. जोशींनी १९४० मध्ये ते वापरले, आणि म्हणून कुणाचे पाणी तुटले नाही.

आगरकरांची गोष्ट एका वाक्यात सांगण्यासारखी: ‘सुधारक’मधून ज्या समाजाला ते दर आठवड्याला जागे करत होते, त्याच समाजातल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

टिळक गेल्यावर फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली. ती भरायला गोखल्यांनी मुंबईहून बोलावले धोंडो केशव कर्वे यांना. कर्वे कोकणातल्या मुरुडचे. समाजाचे देणे हा त्यांच्या बाबतीत पोकळ शब्द नव्हता. स्वतः तंगीत असताना त्यांनी ‘मुरुड फंड’ चालवला: गावाबाहेर नोकरीला असलेल्या मुरुडकरांनी मिळकतीतला छोटा वाटा गावाच्या कामासाठी द्यायचा. पै-पैचा हिशेब कर्वे ठेवत. ११ मार्च १८९३ रोजी या विधुर प्राध्यापकाने पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला. मुरुडच्या ब्राह्मणांनी सभा भरवली आणि कर्व्यांवर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही.

गावासाठी सर्वांत जास्त झटणाऱ्या माणसाला गावाने दार लावले. कर्व्यांनी त्यावर भांडण मांडले नाही की गाव सोडूनही दिले नाही. प्रायश्चित्तही घेतले नाही. त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले आणि पैशासाठी दारोदार फिरत राहिले. रानडे, टिळक आणि कर्वे या तिघांच्या तीन तऱ्हांत कर्व्यांची तऱ्हा सर्वांत कमी बोलकी आहे आणि बहुधा सर्वांत टिकाऊ. पण तिच्यासाठी हाताशी एक गोष्ट लागते: गावावर न अवलंबणारी रोजी. कर्व्यांचा पगार मुरुडहून येत नव्हता. फर्ग्युसन कॉलेज होते, गोखल्यांसारखे मित्र होते, म्हणजे नकार पेलणारा दुसरा समाज आधीच तयार होता.

ज्याची भाकरीच गावाच्या हातात, त्याचे काय?

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ मध्ये निघाले. महसूल खात्यात काम केल्याने गावे त्यांनी जवळून पाहिली होती. बारा बलुतेदार, त्यांचे हक्क, त्यांची कामे, सुगीत खळ्यावर मिळणारे बलुते यांचा इतका तपशील दुसऱ्या मराठी पुस्तकात नाही. गाव म्हणजे परस्परांना धरून चालणारा संसार, असे चित्र ज्यांच्या मनात आहे त्यांनी ते वाचावे. चित्र लवकर विरते. सर्वांत तळाशी महार. सरकारी बातमी पोहोचवायची, सारा न्यायचा, वेशीची राखण करायची, मेलेले जनावर ओढायचे, अधिकारी आला की हाकेला धावायचे. बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा आणि घरोघरचे बलुते. हे काम वेळेचे बांधलेले नव्हते आणि नाकारता येणारेही नव्हते, कारण ते एका माणसावर नसून सगळ्या कुळावर होते.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन बंद करून जमिनी रयताव्याने देण्याचा हुकूम काढला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले. वतनाने महाराला सरकारचाही गुलाम केले आहे आणि गावाचाही, अशी त्यांची मांडणी होती. बिल पार पडले नाही. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

आंबेडकरांच्या त्या बिलाच्या आधीच्या वर्षी, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडला परिषद झाली होती. रावबहादूर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायल्यावर त्या कागदाची किंमत कळली. मारहाण झाली आणि गावोगाव बहिष्कार सुरू झाले. हा बहिष्कार पंचहौदच्या बहिष्कारासारखा नव्हता. इथे पंगत तुटण्याचा प्रश्न नव्हता, पंगत कधी नव्हतीच. इथे दुकानदार मीठ देईना, शेतमालक काम देईना, रस्ता अडवला जाई. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात या हत्याराची दखल घेतली. समितीवर आंबेडकर होते आणि भारत सेवक समाजाचे ठक्करबाप्पाही.

आंबेडकरांनी त्यावर जो उपाय मागितला तो इतिहासात जरा झाकलेला राहिला आहे. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या हक्कांचे जे निवेदन ठेवले, त्यात सामाजिक बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवा, अशी कलमे होती. नमुना म्हणून पुढे होता ब्रह्मदेशाचा १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा. घर किंवा जमीन वापरू न देणे, नेहमीचा व्यवहार तोडणे, काम न देणे, हे सगळे त्याच्या व्याख्येत बसत होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले, तेव्हा त्यामागे पुस्तकी उदारमतवाद नव्हता. गावकीचा हिशेब त्यांनी खालच्या बाजूने पाहिला होता. सभागृहात अनेकांना ते भाषण झोंबले आणि ग्रामपंचायतीचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आलेच.

समुदायाच्या बाजूनेही एक साक्ष काढली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून आलेला माणूस उतरे तो गावकीच्या खोलीत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण, खानावळवाल्या बाईचा डबा, वर्गणी, आजारपणात आणि मयताला धावणारे गावचे मंडळ. धोबी तलावाजवळच्या गोवेकरांच्या कूडांचेही तेच: गावागावाचा कूड, बोटीवर जाणाऱ्या खलाशाला स्वस्त आसरा आणि रोज संध्याकाळी तेर्साची प्रार्थना चुकवायची नाही. कुठल्याही सरकारने या लोकांसाठी इतके केले नव्हते. भटक्या जमातींचे तर विचारूच नका. १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा होता, मुंबई इलाख्यात १९११ नंतर तो पसरला, १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीसच ज्यांना जन्मजात चोर समजत, त्यांनी आपली भांडणे घेऊन कोर्टात जायचे कसे? त्यांची जातपंचायत हेच त्यांचे कोर्ट. ती टिकली याचे निम्मे खापर बाहेरच्यांवर फोडावे लागते.

पण आसरा देणारे हेच पंच लग्न मोडतात, लाखांचे दंड लावतात, वाळीत टाकतात. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीचा खून झाला आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती अभियान’ सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टच्या २० तारखेला समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. अभियान थांबले नाही. तक्रारी येत गेल्या तसे दिसले की हे केवळ भटक्यांचे दुखणे नाही. रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्याच्या गावांत पुढारलेली म्हणवणारी घरेही वाळीत पडलेली होती. पुढे २०१८ च्या सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला. बाहेरून शहाणपण शिकवणारे नव्हते ते, त्याच वस्तीतली मुलेमुली होती. त्याआधीच, एप्रिल २०१६ मध्ये, विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा संमत केला, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आंबेडकरांनी मागितल्यापासून साडेआठ दशकांनी.

मुंबई राज्याने असा एक प्रयत्न आधीही केला होता. १९४९ च्या कायद्याने कोणत्याही जमातीला आपल्या माणसाला बहिष्कृत करण्यास बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९६२ ला चार विरुद्ध एक मतांनी तो घटनाबाह्य ठरवला: धर्माच्या कारणावरून बहिष्कार हा संप्रदायाने आपले धर्मकार्य आपण चालवण्याच्या, म्हणजे अनुच्छेद २६ च्या, हक्कात येतो. बोहरा समाजात बहिष्कृत झालेल्याला मशीद बंद, दफनभूमी बंद. एकटे विरोधी मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे. असा बहिष्कार माणसाला अस्पृश्याच्या पातळीवर नेतो आणि त्याचे नागरी हक्क हिरावतो, अशी त्यांची भूमिका होती.

धर्मावर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा समूह म्हणून एकत्र राहण्याचा हक्क मान्य केला, तर ज्याची श्रद्धा उरली नाही त्याला बाहेर काढण्याचा हक्कही ओघाने येतो, हा बहुमताचा तर्क फेकून देण्याजोगा नाही. क्लबालाही तो असतो. मात्र क्लबात माणूस जन्मत नाही, आणि त्याच्या आईची कबर क्लबाच्या आवारात नसते.

१९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून बोहरा सुधारकांनी १९८६ मध्ये याचिका दाखल केली. ती दशकानुदशके पडून राहिली. २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली तेव्हा नवाच मुद्दा निघाला: महाराष्ट्रात आता २०१६ चा कायदा आहे, मग जुन्या भांडणात काही उरले का? सुधारकांच्या वकिलांचे म्हणणे, उरले. गुन्हा नोंदवता येणे आणि बहिष्कार मुळातच रद्दबातल असणे यांत फरक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पीठाने प्रकरण शबरीमलाच्या प्रश्नाबरोबर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवले.